पर्यावरणपूरक आर्किटेक्चर आणि वस्तीतलं काम: यावर घर चालतं का आणि सुरुवात कुठून करायची?

तू जे विचारलंयस ते आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बी.आर्च.चं चौथं वर्ष चालू आहे, गाव सांगलीजवळ नदीकाठी, सस्टेनेबल डिझाइनमध्येच काम करायचंय आणि गावात, वस्त्यांमध्ये लोकांसाठीही काही करायचंय. घरचे म्हणतात ही हौस आहे, यात पैसा नाही. कॉलेजचे सीनियर म्हणतात ग्रीन बिल्डिंगची परीक्षा देऊन टाक, सेट होशील. तर यावर घर चालतं का आणि सुरुवात कुठून करायची.

घर चालतं. माझं वीस-बावीस वर्षं याच कामावर चाललंय. माझ्या बॅचचे जे लोक मोठ्या बिल्डरांकडे गेले त्यांच्याइतकं मी कमावलं नाही, पण ऑफिसचं भाडं, ज्युनियर लोकांचे पगार, मुलांची शिक्षणं हे सगळं यातूनच निघालं. पैशाचं गणित पुढे लिहिते कारण ते कॉलेजात कुणीच शिकवत नाही, पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय जी मला पैशापेक्षा महत्त्वाची वाटते आणि खरं तर पैशाचं गणितही तिच्यावरच बसतं.

मी कुठलंही काम बघायला गेले की एकच बघते, आर्किटेक्ट निघून गेल्यावर तिथला गवंडी आणि त्या घरातली बाई हे घर स्वतः दुरुस्त करू शकतात का. मातीचं आहे की बांबूचं, किती कार्बन वाचला, कुठला अवॉर्ड मिळाला हे सगळं नंतर. कारण आपण ज्यांच्यासाठी बांधतो ते लोक दरवर्षी आपल्याला फोन करणार नाहीत. भिंतीला पोपडा आला, कौल फुटलं, बांबूला भुंगा लागला आणि तिथे कुणालाच काय करायचं माहीत नसलं तर तीन-चार पावसाळ्यांत लोक त्यावर पत्रा टाकतात, सिमेंटचा गिलावा मारतात आणि म्हणतात बघा, मातीचं घर असंच असतं, आणि त्या पूर्ण पंचक्रोशीत पुढची पंधरा-वीस वर्षं मातीच्या घराचं नाव कुणी काढत नाही. एका वाईट कामाने इतकं नुकसान होतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि मला वाटतं प्रत्येक आर्किटेक्चरच्या मुलाने ते नीट अभ्यासलं पाहिजे. किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोजावा असा नव्हता, सहाच्या थोडा वर. माणसं मेली ती घरांखाली. आणि त्यानंतर सगळीकडे एकच बोललं गेलं, दगडमातीच्या घरांनी मारलं.

आता ती भिंत कशी होती ते बघ. दोन-अडीच फूट जाड, बाहेरून काळा दगड नीट रचलेला, आतूनही दगड रचलेला, आणि या दोन थरांच्या मधे दगडाचे तुकडे आणि माती ओतलेली. बाहेरच्या थराला आतल्या थराशी बांधणारा एकही लांब दगड नाही. म्हणजे दिसायला एक भिंत, पण खरं तर दोन पातळ भिंती शेजारी शेजारी उभ्या. दगड गोलसर, सांध्यात मातीचा गारा. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नाहीत. आणि वर माळवद, म्हणजे तुळया, त्यावर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर अजून थोडी, असं वर्षानुवर्षं वजन चढत गेलेलं. जमीन हलली तसे दोन थर एकमेकांपासून सुटले, एक आत पडला एक बाहेर. कित्येक घरांत लाकडी खण तसेच उभे राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या.

म्हणजे दोष दगडाचा नव्हता, मातीचाही नव्हता. दर चार फुटांवर आरपार जाणारा एक लांब दगड, कोपऱ्यांची नीट बांधणी, लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या, उंचीवर पूर्ण घराला फिरणारा एक पट्टा आणि माळवदाचं वजन कमी, एवढं असतं तर त्यातली कितीतरी घरं तडे जाऊन उभी राहिली असती. हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये, भूकंपानंतर सरकारने वर्ल्ड बँकेच्या मदतीने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम केला त्यात ५२ गावं नवीन जागी हलवली, पण त्याच वेळी दीड लाखाहून जास्त घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीही केली, आणि ती मजबुती नेमकी हीच होती. भिंतीत भोक पाडून आरपार काँक्रीटचा दुवा टाकायचा, पट्टा फिरवायचा, कोपरे शिवायचे, छतावरची माती उतरवायची.

आणि यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे त्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांनी हे उभं केलं. या बायका घरोघरी जाऊन सांगायच्या की पट्टा का टाकायचा, सळई किती घालायची, पाणी किती दिवस मारायचं. स्वतःच्या घराचं बांधकाम बघताना त्या गवंड्याला प्रश्न विचारायला लागल्या. पुढे २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यातल्याच बायका गुजरातच्या बायकांना सांगायला गेल्या. सांग मला, लातूरच्या शेतकरी कुटुंबातली बाई दुसऱ्या राज्यात जाऊन भूकंपरोधक बांधकाम समजावते, याहून जास्त टिकाऊ डिझाइन कुठलं? त्यात डिझाइनचं बक्षीस मिळण्यासारखं काही नाही, पण ज्ञान तिथे राहिलं.

उलट स्थलांतर केलेल्या बऱ्याच गावांत काय झालं तर रस्ते सरळ रेषेत आखले, घरं लांब लांब, गल्ली गेली, शेजार गेला, बाईला कट्ट्यावर बसून निवडणं-टिपणं करायला सावली राहिली नाही. लोकांनी नंतर हळूहळू त्या घरांना स्वतःच पडवी काढली, आडोसे केले, पत्र्याच्या खोल्या वाढवल्या. तिकडे अभ्यासाला गेलीस तर सरकारी घर बघू नकोस, लोकांनी त्यात काय वाढवलंय ते मोजून काढ. खरा आराखडा तोच असतो.

आता मटेरियलबद्दल. यावर तुम्हा मुलांचा सगळा वेळ जातो म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. कुठलंच मटेरियल आपोआप चांगलं नाही. सिमेंटचा वाटा जगाच्या कार्बन उत्सर्जनात ८ टक्क्यांच्या आसपास आहे हे खरं, आणि त्यातला मोठा भाग चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो, भट्टीला कुठलंही इंधन घाला तो निघणारच. त्यामुळे सिमेंट कमी वापरायचंच. पण म्हणून रत्नागिरीचा जांभा ट्रकने पुण्यात आणून बंगला बांधला आणि त्याला इको-फ्रेंडली म्हटलं तर ते मला पटत नाही. जांभा कोकणात वापरायचा, तिथे तो खाणीतून मऊ निघतो, हवेवर कडक होतो, तिथल्या चिरेखाणीवाल्याला आणि गवंड्याला त्याचा स्वभाव माहीत असतो. देशावर दगड आहे, मुरूम आहे, भाजकी वीट आहे. मेळघाटात आणि सिंधुदुर्गात बांबू आहे. सेवाग्रामला बापू कुटी बघून ये, माती, बांबू, लाकूड आणि देशी कौलं, सगळं जवळपासचं, आणि आजही तिची देखभाल त्याच पद्धतीने होते.

मातीच्या दाबलेल्या विटा करायच्या असतील तर आधी माती तपास. वरचा शेतीचा थर कधीच घ्यायचा नाही, त्यात कुजलेला पालापाचोळा असतो. काळी माती तर अजिबात नाही, ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, आणि काळ्या मातीत पाया घेतानाही खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. काचेच्या सरळ बाटलीत माती आणि पाणी घालून जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची, वाळू लगेच खाली बसते, मग गाळ, मग चिकणमाती, दुसऱ्या दिवशी थर फूटपट्टीने मोजता येतात. चिकणमाती जास्त वाटली तर वाळू मिसळायची. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने हे काम खूप पुढे नेलंय, तिथे साधारण ५ टक्के सिमेंट घालून दाबलेल्या विटा करतात आणि त्या भाजायला लागत नाहीत. तिथे जाऊन हाताने विटा पाड. पुस्तकातून ओलावा कळत नाही, मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून टाकली की ती किती तुकड्यांत फुटते ते बघून कळतं.

तुझं गाव नदीकाठी आहे म्हणून हे तुला खास सांगते. २०१९ चा पूर तुम्ही बघितलाय, तेव्हा सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची पातळी सगळा जिल्हा तासातासाला मोबाइलवर बघत होता, २०२१ ला परत तेच. त्या पुरात कच्च्या विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-दोन दिवस पाण्यात राहून बसल्या. तिथे पूररेषेच्या आत मी कच्च्या मातीची भिंत सुचवणार नाही, कितीही आवड असली तरी. जोतं उंच, पुराच्या खुणेपर्यंत दगड किंवा पक्की भाजकी वीट भरीव बांधायची, त्याच्या वर हलकं बांधकाम चालेल. विजेचे पॉइंट खांद्याच्या वर. धान्य आणि कागदपत्रं ठेवायला पक्का माळा आणि त्यावर म्हातारी बाईसुद्धा चढू शकेल असा जिना, शिडी नको. कागदावर हे अगदी साधं दिसतं पण गावात याचाच उपयोग होतो.

आता रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा पोकळ रचायची पद्धत, कारण तू प्रश्नात बेकर यांचंही नाव लिहिलंयस. आर्किटेक्ट लॉरी बेकर इंग्लंडमधले, जन्म १९१७ चा, १९४५ ला कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनबरोबर भारतात आले, बरीच वर्षं पिठोरागढच्या डोंगरात राहिले, तिथल्या लोकांची घरं बघून शिकले, आणि मग तिरुअनंतपुरमला कमी खर्चाच्या घरांचं जे काम केलं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९० ला पद्मश्री, २००७ ला गेले. त्यांच्या पद्धतीची भिंत आमच्याकडे करायची तर काय काय होतं ते सांगते. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, दोन उभ्या विटा समोरासमोर आणि मधे एक आडवी जोडणारी, म्हणजे नऊ इंची भिंत राहते पण आत तीन इंचांची पोकळी. विटा साधारण २५ टक्के कमी लागतात, मसालाही कमी, आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो.

पण आपल्याकडच्या वीटभट्टीची वीट एकसारखी नसते, एक बाजू फुगीर, कोपरे झडलेले, त्यामुळे आधी भट्टीवर जाऊन पाचपन्नास विटा मापून बघायच्या आणि गरज पडली तर भट्टीवाल्याला साच्याचं सांगायचं. मग गवंडी. तो पहिल्यांदा म्हणणारच की मॅडम ही भिंत पोकळ आहे, कुणी लाथ मारली तर पडेल. त्याच्याशी वाद घालू नकोस. बाजूला चार फुटांची नमुना भिंत त्याच्याच हातून बांधून घे, आठवडाभर पाणी मार, मग त्यालाच वर चढून उभं राहायला सांग. दुसरी अडचण अशी की थापीने मसाला टाकताना तो पोकळीत पडतो आणि पोकळी भरत जाते, सगळा फायदा गेला. त्यावर उपाय म्हणजे तीन इंच रुंदीची लाकडी पट्टी, ती पोकळीवर ठेवायची, मसाला पसरायचा, पट्टी उचलून पुढे सरकवायची. जोत्याचा, खिडकीच्या खालचा आणि लिंटेलचा थर भरीव घ्यायचा, कोपऱ्यांत पोकळीतून उभी सळई टाकून काँक्रीट भरायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मजुरी. गवंडी ठेक्यावर असेल तर त्याला ब्रासचा, म्हणजे झालेल्या कामाच्या मापावर, दर मिळतो, आणि हे काम पहिल्या घराला हमखास सावकाश होतं. दर तोच ठेवलास तर त्याने घाईघाईत पोकळी भरली तर त्यात त्याची काय चूक. जेवढे विटांचे पैसे वाचतात त्यातले काही त्याच्या दरात घाल. मालकाला हे इस्टिमेट देतानाच सांगायचं, की पैसा भट्टीऐवजी माणसाकडे चाललाय. माझ्याकडचे दोन गवंडी आता हे काम माझ्याशिवाय स्वतः घेतात, त्यात माझी फी नाही, ड्रॉइंग नाही, आणि मला त्याचा जितका आनंद होतो तितका माझ्या कुठल्याच फोटो छापून आलेल्या कामाचा झाला नाही.

भिंतीइतकंच छतही बघ, किंबहुना एकमजली घरात आधी छतच. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचं ऊन थेट डोक्यावर असतं, चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता खाली सोडते. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते, म्हणून तिथे सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलांची जोडी ठेवून वर काँक्रीट ओतायचं, यालाच फिलर स्लॅब म्हणतात. काँक्रीट वाचतं, दोन कौलांमधली हवा उष्णता अडवते. आणि ज्यांच्याकडे पत्रा आहे, स्लॅबचा प्रश्नच नाही, त्यांच्यासाठी छताला पांढरा चुना, पत्र्याखाली बांबूची चटई आणि मधे हवा जायला जागा, भिंतीच्या वरच्या बाजूला समोरासमोर झरोके. वस्तीत तू एवढं केलंस तरी एखाद्या घरातल्या म्हातारीची दुपार सुसह्य होते.

वस्तीतल्या कामाकडे येते. इथे बरेच तरुण आर्किटेक्ट सुंदर घराचं चित्र घेऊन जातात. वस्तीत पहिलं काम घराचं नसतंच, नकाशाचं असतं. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेचं काम बघ, १९९३ पासून चाललंय, प्रतिमा जोशी स्वतः आर्किटेक्ट आहेत. त्यांनी एकेका वस्तीचा घराघरापर्यंतचा नकाशा केला, कुठे ड्रेनेजची लाइन आहे, कुठल्या घरात संडास आहे, कुठल्या नाही, आणि मग जिथे लाइन जवळ आहे तिथे घरात संडास. सामान संस्था दारापर्यंत आणून देते, बांधकाम घरातल्या लोकांनी स्वतःच्या खर्चाने करायचं. सांगली आणि कोल्हापुरातही त्यांचं काम झालंय, म्हणजे तुला घराजवळच बघायला मिळेल. संडास हा डिझाइनचा विषय वाटत नाही कॉलेजात, पण रात्री अंधारात सार्वजनिक संडासाला जायला घाबरणाऱ्या मुलीला विचार.

त्याआधी १९९९-२००० च्या सुमाराला पुणे महापालिकेने स्पार्क ही संस्था, वस्त्यांमधल्या बायकांचं महिला मिलन आणि इतर संस्थांना बरोबर घेऊन वस्त्यांमध्ये ४०० च्या वर सामुदायिक संडास बांधले. त्यातली एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक ज्युनियरला सांगते. लहान मुलांसाठी वेगळी जागा ठेवली होती, कारण मोठ्यांच्या रांगेत मुलांना कुणी उभं राहू देत नाही, मोठं भोक बघून ती घाबरतात आणि शेवटी बाहेर गटारावरच बसतात. आणि सांभाळणाऱ्या माणसाला कुटुंबासह राहायला तिथेच खोली, म्हणजे चोवीस तास कुणीतरी लक्ष देणारं. हे कुठल्याही स्टँडर्ड डेटाच्या पुस्तकात नव्हतं, वस्तीतल्या बायकांनी सांगितलं.

येरवड्याचं कामही बघून ये. तिथे वस्ती पाडून टॉवर बांधायच्या ऐवजी जिथल्या तिथे, जो ज्याचा शेजारी होता त्याच्याच शेजारी, कच्च्या घराच्या जागी पक्कं घर असं केलं. साधारण २७० चौरस फूट, काही पैसे केंद्राचे, काही राज्याचे, काही महापालिकेचे आणि दहावा हिस्सा घरवाल्याचा. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई आणि महिला मिलनच्या बायका एकेका घराचं माप घेऊन, त्या कुटुंबाशी बोलून घर ठरवत होत्या. गल्ल्या इतक्या अरुंद की मशीन आत जात नाही, माल डोक्यावरून न्यायचा. मला ते काम अवघड आणि म्हणूनच मोठं वाटतं. एक बाई तळमजल्यावर दुकान मागते, दुसरीला दोन मुलगे आहेत म्हणून वर जिना बाहेरून हवा, आणि हे सगळं तेवढ्याच जागेत.

आता पैसा. आपल्या व्यवसायात फी बांधकाम खर्चाच्या टक्क्याने घ्यायची पद्धत आहे. जरा विचार कर, मी डोकं लावून मालकाचे चार लाख वाचवले तर माझीच फी कमी होते, आणि महाग टाइल लावली तर वाढते. कमी खर्चाचं काम करणाऱ्याला ही पद्धत मारते. म्हणून मी क्षेत्रफळावर किंवा एकरकमी फी घेते आणि साइटवरच्या भेटी वेगळ्या लावते, कारण आपल्या कामात ड्रॉइंगपेक्षा साइटवर जास्त वेळ जातो. हे पहिल्याच बैठकीत लेखी द्यायचं. लोक मान्य करतात, आधी सांगितलं तर.

आणि सेवा म्हणून फुकट काम करायचं नाही. मला माहीत आहे हे वाचून काही जणांना राग येईल. पण फुकट दिलेल्या ड्रॉइंगची किंमत राहत नाही, सल्ला मानला जात नाही, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांत तू थकून हे काम सोडशील, मग त्या वस्तीला काय उपयोग. ज्याला परवडत नाही त्याच्याकडून कमी घे, हप्त्याने घे, पण घे. ज्या कुटुंबाने घरात आपले दहा टक्के घातलेत ते कुटुंब सळई मोजून घेतं. संस्थेकडून, कंपन्यांच्या सीएसआर निधीतून, सरकारी योजनेतून काम आलं तर तुझा वेळ त्या बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत लिहून घे. एका संस्थेकडे माझे पैसे दीड वर्ष अडकले होते, त्यानंतर मी टप्प्याटप्प्याने पैसे आल्याशिवाय पुढचं ड्रॉइंग देत नाही, आणि यामुळे कुणीही तुटलं नाही.

माझं ऑफिस साधारण असं चालतं, शेतघरं, छोट्या शाळा, डॉक्टरांचे दवाखाने, जुन्या वाड्यांची दुरुस्ती यातून महिन्याचा खर्च निघतो आणि त्याच गवंड्यांना घेऊन वस्तीतलं आणि गावातलं काम होतं. दोन्हीकडे पद्धत तीच ठेवायची. श्रीमंताच्या शेतघरात शिकलेला गवंडी घरकुल योजनेच्या घरात उपयोगी पडतो. घरकुलाला सरकारी मदत मोजकीच मिळते, त्यात कुठलाच आर्किटेक्ट येत नाही, तिथे दहा घरांना मिळून एकदा बसून सावली, खिडक्यांची दिशा, शोषखड्डा आणि पुढे खोली वाढवायची सोय एवढं ठरवून दिलंस तरी खूप आहे.

ग्रीन रेटिंगच्या परीक्षेचं विचारलंयस. ग्रिहा-बिहा असं म्हणून त्याला हसणाऱ्यांतली मी नाही. इमारतींना पर्यावरणपूरकतेचे गुण देणारं ग्रिहा २००७ पासून आहे, आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल २००१ पासून, ऊर्जा संवर्धनाचा कोड आहे, मोठ्या शहरांत कन्सल्टंटची नोकरी मिळते, पगार वेळेवर येतो. एनर्जी सिम्युलेशन, म्हणजे इमारतीला किती ऊर्जा लागेल ते संगणकावर काढणं, शिकलीस तर हिशोबाची सवय लागते. घरी कर्ज असेल, लगेच कमवायची गरज असेल तर खुशाल तिकडे जा, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ती परीक्षा म्हणजे हे शिक्षण असं समजू नकोस. पूर्ण काचेच्या इमारतीला आधी तापू द्यायचं आणि मग चांगला एसी लावून गुण मिळवायचे हे मला कधीच पटलेलं नाही. तुला वस्तीत आणि गावात काम करायचंय तर आधी बांधकाम शिक, परीक्षा नंतर कधीही देता येते.

मग सुरुवात. ट्रेनिंगचं सेमिस्टर मोठ्या नावाच्या ऑफिसात रेंडर करण्यात घालवू नकोस. केरळात कॉस्टफोर्ड आहे, १९८५ पासून बेकर यांची पद्धत चालवतात. भुजला हुन्नरशाला आहे, कच्छच्या भूकंपानंतर उभी राहिलेली, तिथे कारागिरांना खरंच बरोबरीचं स्थान आहे. ऑरोव्हिलचं वर लिहिलंच. आणि दूर जाणं जमत नसेल तर आपल्याकडे वर्ध्याला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस, पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ ला सुरू केलेला विज्ञान आश्रम, मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र, कुडाळला बांबूवर काम करणारी कॉनबॅक. बांबूवर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया कशी करतात, ती न करता बांधलं तर भुंगा किती लवकर पोखरतो हे तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. स्टायपेंड बहुतेक ठिकाणी कमी असतो, राहण्याखाण्याचं आधी विचारून घे, त्यात लाजायचं काही नाही.

आणि त्याहीआधी, या दिवाळीच्या सुट्टीत, तुझ्या गावातली तीन घरं मोज. एक जुनं माळवदाचं किंवा कौलारू, एक पुरानंतर बांधलेलं स्लॅबचं, एक घरकुलाचं. प्लॅन, सेक्शन (उभा छेद), भिंतीची जाडी, जोत्याची उंची, पुराची खूण कुठपर्यंत. दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता आतलं तापमान साध्या थर्मामीटरने घे. कुणी बांधलं, माल कुठून आला, किती लागले, दरवर्षी दुरुस्तीला काय लागतं, कोण करतं, हे घरातल्या बाईला विचार, पुरुषांना बहुतेक वेळा दुरुस्तीचा खर्च माहीत नसतो. गावात जो वयस्कर गवंडी असेल त्याच्याबरोबर चार-पाच दिवस मदतनीस म्हणून काम कर, ओळंबा धर, मसाला कालव, दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरायला शिक. थीसिसचा विषय तुला यातूनच मिळेल, इंटरनेटवर शोधायची गरज पडणार नाही.

इंटर्नशिपच्या पत्राला तेच जोड. पोर्टफोलिओत झगमगीत थ्रीडी कमी आणि ती तीन घरं जास्त. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत मी आधी मोजमापाचं ड्रॉइंग शोधते, हाताने काढलेलं असलं तरी चालतं, आणि भिंतीचा सेक्शन नीट कळला असेल तर मुलाला बोलावतेच. घरच्यांना पटवायचं असेल तर वडिलांना त्या गवंड्याकडे बरोबर घेऊन जा, खर्चाचा हिशोब त्यांच्यासमोरच लिही. ड्रॉइंग झाली की मला पाठव, पुराची खूण आणि जोत्याची उंची प्रत्येकावर मीटरमध्ये लिहिलेली हवी.